चौथ्या पिढीचा झोपाळा

जुनी वस्तू ऑनलाइन कशी घ्यावी, हे आपल्याकडे फार थोड्यांना कळतं. त्या थोड्यांतला मी एक. बाकीच्यांबद्दल काय बोलावं! विकणारा लिहितो, 'अगदी नव्यासारखं कपाट', आणि फोटोत त्याच कपाटाच्या दारावर ओला बनियन वाळत असतो. घेणारा त्याच्याही वरताण. नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. पहिलाच मेसेज, 'लास्ट किती?' मग 'उद्या येतो' म्हणून जो गायब होतो, तो थेट दुसऱ्याच्या जाहिरातीखाली उगवतो.

मी असलं काही करत नाही. 'कमी करा' हा शब्दसुद्धा मी तोंडातून काढत नाही. मी ओळख काढतो. आपल्या भागात कुठलीही दोन माणसं घटकाभर बोलली की पाहुणे निघतात, आणि पाहुणा निघाला की विकणाऱ्याचीच जीभ जड होते. मिरजेच्या भरतेश उपाध्यांकडून मी फ्रिज आणला, तो केवळ 'तुमचे मामा आमचे गुरुजी' एवढ्या एका वाक्यावर. मामा शिक्षक होते, हे त्यांच्याच बोलण्यातून मिनिटभर आधी मला कळलं होतं. त्यांनी वर स्टॅबिलायझरही दिला, फुकट.

तर, सांगलीत आम्ही नवा फ्लॅट घेतला. रविवारी वास्तुशांत. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आचारी सांगून झाला होता. 'हा मुहूर्त चुकला तर पुढे दोन महिने काही नाही,' असं भटजींनी बजावलं होतं. संयोगिताने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, अख्खं माहेर बोलावलं होतं. फक्त हॉल भकास दिसत होता. तिथे झोपाळा हवा, असं तिचं म्हणणं. आणि नेमकी ती जाहिरात दिसली. 'सागवानी झोपाळा, पितळी कड्या. किंमत फिक्स. घासाघीस करणाऱ्याने फोन करू नये. दादासो शेवाळे, पलूस.'

मीही शेवाळेच. धनाजी शेवाळे. मला हसूच आलं.

"किंमत बरी वाटतेय," संयोगिता म्हणाली. "देऊन टाका आणि घेऊन या."

"सांगितलेल्या किमतीला वस्तू घेणं हा शुद्ध गबाळेपणा आहे," मी म्हणालो आणि फोन लावला.

"नमस्कार. सांगलीहून धनाजी शेवाळे बोलतोय. तुम्ही मूळचे कुठले म्हणायचे?"

"मूळचं मेढ्याकडचं. लय पिढ्या झाल्या हिकडं येऊन."

"काय सांगता? आम्हीही मेढ्याकडचेच."

हे साफ खोटं होतं. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीजवळ. मेढ्याला मी एकदाच उतरलो होतो, तेही एसटी बिघडली म्हणून.

"म्हंजे भावकीच की," दादासो म्हणाला.

"तर काय. चौथी पिढी लागते आपल्यात," मी ठोकून दिलं. चौथीच का, यालाही शास्त्र आहे. तिसरी सांगितली तर कुणीतरी पडताळून बघतो. पाचवी सांगितली तर सूट मिळत नाही.

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "मग तुमास्नी कळलंच असंल."

"कळलं म्हणून तर फोन केला," मी म्हणालो. म्हणजे जाहिरातीचं.

"ते झोपाळ्याचं ऱ्हाऊ द्या आता. उद्या सकाळी या. वैनीस्नी बी आणा."

मी फोन ठेवला आणि संयोगिताकडे विजयी नजरेने पाहिलं. अजून भेट नाही, गाठ नाही, आणि पैशाचा विषय त्याने स्वतःच बाजूला ठेवला होता. तिने नुसतं 'हं' केलं. लग्नापासून माझ्या हुशारीची तिने एवढीच कदर केली आहे.

सकाळी टेम्पो सांगूनच निघालो. भावकीत जायचं म्हणून मी मोतिया रंगाचा नवा झब्बा घातला, संयोगिताला काठापदराची साडी नेसायला लावली आणि वाटेत पेढ्यांचा बॉक्स घेतला. शिष्टाचार म्हणून काही असतो की नाही!

पलूसला दादासोच्या अंगणात जाजम अंथरलं होतं आणि त्यावर पांढऱ्या टोप्यांची तीसचाळीस माणसं बसली होती. मी आत शिरताच सगळे सरकले आणि मला मधोमध जागा केली. माझ्यासाठी एवढी तयारी बघून मला भरून आलं. फक्त कुणी बोलत नव्हतं. चहाचंही नाव नव्हतं. जाहिरातीत 'फोन करू नये' असं लिहिणाऱ्याकडून चहाची अपेक्षा तरी काय करायची, असं म्हणून मीच पुढाकार घेतला. बॉक्स उघडला आणि शेजारच्या म्हाताऱ्यापुढे धरला.

"घ्या, तोंड गोड करा."

म्हाताऱ्याने पेढ्याकडे पाहिलं. मग माझ्या झब्ब्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. पलीकडे बसलेल्या बायकांमधून संयोगिता मला काहीतरी खुणावत होती. मी तिच्या खुणेच्या दिशेला पाहिलं. सोप्यात झोपाळा टांगलेला होता. लाकूड खरोखर सागवानी, कड्या खरोखर पितळी. झोपाळ्यावर एका मिशीवाल्या आजोबांचा फोटो, फोटोला हार, पुढे समई.

"गुंडातात्या, आमचं आजोबा," दादासो माझ्या कानाशी म्हणाला. "जाहिरात टाकली आन् दोनच दिसात गेलं. आज रक्षाविसर्जन झालं. तुमी आला, बरं वाटलं. भावकीतली जवळची माणसं फिरकली न्हाईत, आन् तुमी सांगलीस्नं धावला."

मी बॉक्स हळूच झब्ब्याखाली घेतला. तेवढ्यात आतून शालूबाई आल्या, तात्यांच्या बहीण. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि हंबरडा फोडला. "नाक बघा गं ह्याचं. तात्याचंच नाक हाय."

माझं नाक आमच्या आईसारखं आहे. पण गळ्यात पडून रडणाऱ्या बाईला हे सांगायचं कसं?

पेढा न घेतलेले म्हातारे म्हणजे ज्योतिबाअण्णा, भावकीतले वडीलधारे. त्यांनी घसा साफ केला. "चौथी पिढी म्हनालासा न्हवं? मग धा दिस सुतक पाळा. धाव्याला घाटावर या, डोकं भादरायला."

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दहा दिवस सुतक, म्हणजे रविवार त्यात गेला. वास्तुशांत गेली. पत्रिका, आचारी, मुहूर्त, संयोगिताचं माहेर, सगळं गेलं. वर डोकंही जाणार होतं.

"अण्णा," मी म्हणालो, "चौथी म्हणजे अंदाजाने म्हणालो. पाचवी असेल."

"पाचवीला बी धाच."

"सहावी, सातवीसुद्धा असू शकेल."

"सातवीपत्तोर धाच. त्याच्या म्होरं तीन."

"मग आठवी. नक्की आठवी."

"काल फोनवर चौथी," दादासो म्हणाला. त्याचा आवाज आता तितका मऊ नव्हता.

"थोडं समजून घ्या ना. नाही तुमची, नाही माझी, आठवी करून टाका."

आयुष्यात कधी घासाघीस न केलेला माणूस मी. त्या जाजमावर चाळीस टोप्यांसमोर एकेका पिढीसाठी घाम गाळत होतो, आणि समोरचा म्हातारा फिक्स किमतीच्या दुकानदारासारखा ढिम्म बसला होता. शेवटी संयोगिताला राहवलं नाही. ती बायकांतून उठून उभी राहिली.

"अहो, खरं काय ते सांगा आता. रविवारी माझी माणसं येणार आहेत."

मी डोळे मिटले आणि सांगून टाकलं. "अण्णा, माफ करा. आम्ही मेढ्याचे नाही. तुमच्या भावकीतले नाही. झोपाळा स्वस्तात मिळावा म्हणून मी नातं लावलं. आम्ही माणातले, दहिवडीजवळचे."

आता दोन तडाखे बसतील, पण वास्तुशांत वाचेल, असा माझा हिशेब होता. मी गाल तयार ठेवले.

"माणातलं शेवाळं," अण्णा सावकाश म्हणाले. "आज्याचं नाव?"

"येसबा."

"मेंढरं घिऊन गेलेला येसबा?"

"हो," मी म्हणालो.

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आरं, त्यो तात्याचा चुलतभाऊ. भांडून गेला, पुन्ना आला न्हाई. चौथी कशाची रं, तिसरी पिढी हाय तू. तिसरी."

शालूबाईंनी पुन्हा हंबरडा फोडला. "मी म्हणत न्हवते, नाक बघा."

पुढचं काय सांगायचं? भटजींना फोन केला. ते म्हणाले, "सुतक कानावर आलं की लागतं. एवढ्या वर्षांत संबंध नव्हता, तर कळलंच नसतं. कोणी कळवलं तुम्हाला?" मी म्हणालो, मीच फोन करून विचारलं. त्यावर त्यांनी सरळ पुढचा मुहूर्त सांगितला. वास्तुशांत दोन महिने पुढे गेली. संयोगिताने माहेरच्या एकेका माणसाला फोन करून कारण सांगितलं, तेही माझ्यासमोर बसून, तपशीलवार.

झोपाळा तरी मिळाला असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. दहाव्याच्या दिवशी घाटावरून आल्यावर मी विषय काढला. दादासो म्हणाला, "भावाकडनं पैसं घ्यायचं आमच्यात न्हाई. आन् फुकट द्यायचा तर समद्या हिस्सेदारांस्नी इच्यारावं लागंल. म्हणून परक्याला दिला." परका दुपारी आला. साताऱ्याचा कोणी कॉलेजातला मास्तर होता. त्याने गाव विचारलं नाही, नाव विचारलं नाही. जाहिरातीतले पैसे दिले, 'धन्यवाद' म्हणाला आणि झोपाळ्याला हात घातला. दुसऱ्या बाजूने मी धरला, कारण घरचा माणूस म्हणून ते माझंच काम होतं. टेम्पोत चढवताना त्याने माझ्या भादरलेल्या डोक्याकडे पाहिलं आणि आदराने विचारलं, "जवळचे होते का?"

"तिसरी पिढी," मी म्हणालो.

आता वास्तुशांतीची नवी तारीख ठरली आहे. मला भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं आहे. परवा त्यावर आलं, 'ज्योतिबाअण्णांना धाप लागते, दवाखान्यात नेलंय.' तेव्हापासून मी रोज सकाळ-संध्याकाळ पलूसला फोन करतो. अण्णांनी गोळ्या घेतल्या का, पेज खाल्ली का, झोप लागली का, सगळं विचारतो. भावकीत माझं फार नाव झालं आहे. स्वतःच्या पोरांनी कधी एवढी काळजी केली नाही, असं म्हणे अण्णा डोळे पुसत सगळ्यांना सांगतात.