बोरवाडीची विहीर आणि आमेनचा तह

श्रीप्रभूचे कृपेकरून शके अठराशे पंचाण्णव, प्रमादी नाम संवत्सरे, वैशाख मासी, इसवी सन एकोणीसशे त्र्याहत्तर, दुष्काळ ऐन भरात असता, नगर शहरीच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी जी मोहीम मारिली तिची हकिकत जैसी घडली तैसी लिहितो. तिखटमीठ आढळल्यास तो लेखकाचा हक्क समजावा.

मौजे बोरवाडी, तालुके नेवासे, येथे झुंबरबाई साळवे नामे वृद्ध राज्यकर्ती पाऊण एकर जमीन व एक विहीर एवढी दौलत राखून होती. थोरले चिरंजीव प्रॉटेस्टंट मिशनच्या प्रार्थनामंदिरी जात, धाकटे कॅथलिक देवळी जात, आणि उपासनेवरून तंटा लागून अकरा वर्षे दोघे एका पंगतीस बसले नव्हते. विहिरीचा गाळ आधी कोणी काढावा या हट्टापायी तळ कोरडा पडला. पाणी दीड कोसावरून येई, तेही म्हातारीच्या डोईवरून.

हे वर्तमान कळताच प्रॉटेस्टंट विद्यार्थी मंडळाचे सरलष्कर श्रीमंतराव शिरसाठ, बी.ए. दुसरे वर्ष, आणि कॅथलिक विद्यार्थी संघाचे सेनाधुरंधर अंतोनराव पाटोळे, बी.एस्सी., गणित राहिलेले, यांनी वसतिगृहामागील चहाच्या गाडीवर खलबत केले, आणि उभय फौजांनी मिळून गाळ उपसावा असा तह ठरला, आणि मग वीस असामी फावडी, घमेली व दोरखंडांसह एस.टी.त बसून कूच करते झाले. कंडक्टराने घमेल्यांवरून हुज्जत घातली, ती जाबसाल करून मोडून काढली.

दोघे चिरंजीव दोन बाभळींखाली वेगवेगळे बसून पाहत होते. पोरांचे जमले तर आपणही उतरू, न जमले तर आपले तरी काय चुकले, ऐसा दोघांचाही मनसुबा. म्हातारीचा जीव त्यांच्या त्या पाहण्यात टांगला होता.

दोन प्रहरी पिठले-भाकरीची पंगत बसली आणि प्रार्थना कोणाची, हा पेच पडला. प्रॉटेस्टंट मनची प्रार्थना करू लागले की भाकरी गार झाल्याविना थांबत नाहीत, ही कॅथलिकांची तक्रार. आणि यांची तोंडपाठ प्रार्थना सुरू होते न होते तोच संपते, ही प्रॉटेस्टंटांची. अखेर प्रभूची प्रार्थना उभयपक्षी मंजूर झाली आणि डोळे मिटून सारे एका सुरात चालले. परंतु कॅथलिकांच्या दस्तुरी ती एक ओळ आधी संपते, हे कोणाच्या ध्यानी नव्हते. त्यांनी आमेन म्हणून घास घेतला, आणि समोरचे देवाच्या गौरवाची ओळ म्हणतच राहिले, आणि डोळे उघडून पाहतात तो काय, प्रतिपक्षाचे गाल भरलेले! श्रीमंतरावांनी प्रार्थना अर्धी टाकल्याचा ठपका ठेविला, अंतोनरावांनी ओळ पदरची जोडल्याचा, आणि मग पंगत दुभंगली. बाभळींखालून दोन समाधानी खाकरे ऐकू आले.

तेव्हा झुंबरबाईंनी पिठल्याचे पातेले झाकिले आणि फर्मान सोडिले ते येणेप्रमाणे: "माझ्या दोघांनी ह्येच केलं. अकरा वर्सं झाली, लेकरं येका जागी जेवल्याली म्या पायली न्हाईत. तुमाला बी तेच करायचं आसंल तर उद्याची यष्टी धरा. गाळ माझा मी काढीन."

उभय फौजांच्या माना खाली गेल्या. लेखकाचीही गेली, तो घमेल्यांच्या तुकडीत होता.

दुसरे दिवशी पुन्हा पंगत, पुन्हा तीच प्रार्थना. ती त्या नाजूक जागी पोहोचली आणि प्रॉटेस्टंट एकदम मुके झाले, कारण श्रीमंतरावांचा गुप्त हुकूम होता की मित्रांच्या मानासाठी आपली ओळ गिळावी. आणि त्याच क्षणी कॅथलिक वीरांनी, अंतोनरावांच्या तितक्याच गुप्त हुकुमाने आदल्या सायंकाळी पाठ केलेली तीच ओळ खणखणीत म्हटली. क्षणभर कोणास काही उमजेना. मग श्रीमंतरावांना हसू फुटले, मग साऱ्या पंगतीला, मग थोरल्या बाभळीखाली आणि मग धाकट्या. थोरले उठून पंगतीत बसले आणि सरकून शेजारी जागा केली. धाकटे आले.

"आमेन," झुंबरबाई म्हणाल्या, "आता जेवा, गारढोण झालं." आणि पदराने डोळे पुसले ते चुलीच्या धुराच्या नावावर खपविले.

तिसरे दिवशी दोघे भाऊ विहिरीत उतरले आणि चौथे दिवशी झरा लागला. उभय फौजा एकमेकांस शरण आल्या, सबब फत्ते कोणाच्या नावे लिहावी याचा निवाडा होईना. ती झुंबरबाईंच्या नावे लिहिली आहे. पहिली घागर थोरल्याने शेंदली, धाकट्याने घरी नेली. म्हातारी रिकाम्या डोईने मागून चालत होती.