बिनखिळ्याचा देव्हारा

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी सगुणाबाईंनी देव्हाऱ्याचं दार ओढलं आणि दाराने त्यांना ओळखच दाखवली नाही. पुन्हा ओढलं. मग डावा हात भिंतीला लावून, दात-ओठ खाऊन ओढलं, तेव्हा अख्खा देव्हारा ओट्यावर चार बोटं पुढे सरकला. दार तेवढं जागच्या जागी.

"आवं! खाली या आधी!"

चंद्रकांत वरच्या मजल्यावर भाडेकरूच्या, स्वानंदच्या खोलीत होते. जिन्यावरून ते उतरले तेच हसतमुखाने, आणि सगुणाबाईंच्या रागाला तेवढंही पुरे झालं.

"तुमचा देव्हारा उघडंना."

चंद्रकांतांनी दारावरून तळवा फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "फुगलंय. मेस्त्री म्हणत्यात, पावसाळ्यात लाकूड रुसतं. म्हणून आपण रुसायचं न्हाई."

"चुलीत घाला तुमच्या मेस्त्रीला! बाराच्या आत देव घटी बसले पायजेत. न्हाईतर सखू टपलेलीच हाय."

सखू ही त्यांची धाकटी जाऊ. कुळाचे देव, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले टाक, थोरल्या घरी असत आणि घट तिथेच बसे. थोरल्या घरी काही अडलं तर मान धाकट्या घरी जाणार, हे भावकीत सगळ्यांना ठाऊक होतं. सखूला जरा जास्तच ठाऊक होतं.

आणि मेस्त्री म्हणजे गेणबा मेस्त्री. टीव्हीवर रोज सकाळी नऊ वाजता 'बिनखिळ्याचं' नावाचा कार्यक्रम लागे. त्यात हे म्हातारे सुतार चौरंग, पाळणे, झोपाळे, पूर्वी घरोघरी असायचं ते सगळं, एकही खिळा न मारता घडवत आणि मधूनमधून लोकांचे फोनही घेत. ना संगीत, ना आरडाओरडा. रंधा फिरायचा, कांद्याच्या पापुद्र्यासारखी लाकडाची साल सुटायची, दोन तुकडे एकमेकांत सरकायचे आणि सांधा बसल्याचा 'टक्' असा आवाज यायचा. त्या आवाजाला चंद्रकांत डोळे मिटून घ्यायचे. एकदा तर पूर्ण भाग पटाशीला धार लावण्यात गेला. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना जांभया देणारा हा माणूस तो भाग पापणी न हलवता बघत राहिला.

बघून गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण उन्हाळ्यात गोठ्यातली जुनी सागवानी तुळई बाहेर आली, घरभर भुसा उडाला, तांदळात भुसा, अंथरुणात भुसा, आणि शेवटी त्यातून देव्हारा उभा राहिला. देखणा झाला होता. सगुणाबाईंनी हे कधी तोंडाने कबूल केलं नाही. त्या फक्त तो दिवसातून दोनदा पुसायच्या.

दार चौकटीत इतकं नेटकं बसायचं की फटीतून दोरा जाऊ नये. आषाढात चंद्रकांत म्हणाले होते, "एक हात रंधा मारू दे. मेस्त्री म्हणत्यात, लाकडाला श्वासापुरती जागा ठिवावी." तेव्हा सगुणाबाईंनीच त्यांना दटावलं होतं, "देव आत असताना देव्हाऱ्याला हत्यार लागायचं न्हाई!" आता तेच वाक्य त्यांच्या आणि पटाशीच्या मध्ये उभं होतं. देव बाहेर आल्याशिवाय हत्यार लावता येत नव्हतं, आणि हत्यार लावल्याशिवाय देव बाहेर येत नव्हते.

यापुढची गोष्ट मात्र एकट्या सगुणाबाईंनाच माहीत होती. नेरे गावचे चुलत सासरे वारले आणि घरात सुतक आलं. दिवाबत्ती बंद, देव्हाऱ्याचं दार लोटलेलं. अशात एका सकाळी त्या म्हणाल्या, "भाताला पाणी किती चढलंय ते तरी बघून या." टीव्हीवरची नजर न हलवता चंद्रकांत म्हणाले, "गप बस, सांधा बसतोय."

गप बस! चंद्रकांत आंघोळीला गेले तशी सगुणाबाईंनी रिमोट उचलला. पिठाच्या डब्यात ठेवावा, तर ते डबा उपसणार. गादीखाली ठेवावा, तर गादी उलटणार. सुतकात देव्हाऱ्याला मात्र कुणी हात लावत नाही. त्यांनी दार उघडलं, रिमोट आत सारला आणि सगळा राग तळहातात आणून दार असं हाणलं की आतली घंटा वाजली. देवाला आपला हात लागलेला नाही, लागलाच असेल तर रिमोट लागला असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. चंद्रकांतांनी सगळं घर धुंडाळलं आणि दुसऱ्या दिवसापासून नऊच्या ठोक्याला ते वर स्वानंदच्या टीव्हीपुढे जाऊन बसू लागले.

म्हणजे आता दार उघडायला हवं होतं, आणि ते उघडताना आजूबाजूला चिटपाखरू असायला नको होतं.

चिटपाखराच्या आधी सखूच आली. डोक्यावर पदर, हातात मातीने भरलेली परडी, मागे तिचा नवरा तानाजी.

"काय वो अक्का, देव अजून आतच?"

"बसतील की. तुला कसली घाई?"

"मला कसली घाई? घाई घटाला." सखूने देव्हाऱ्याचं दार ओढून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगं बया! देव कोंडले की! आता काय करायचं वो? आमच्याकडं जागा झाडून ठिवलीय, तशी."

"झाडून कशापायी ठिवलीस?"

"सणासुदीचं झाडायचं न्हाई का?"

गलका ऐकून स्वानंद खाली आला. हातात बायकोचं, किमयाचं, केस वाळवायचं यंत्र. "काकू, लाकडात ओलावा शिरलाय. गरम हवा दिली की आकसेल."

"देवांची केसं वाळवतोस व्हय रे?" सखू म्हणाली.

"दे हिकडं!" सगुणाबाईंनी यंत्र हिसकावून दारावर धरलं. ते घों-घों करू लागलं. "समदे वटीवर जाऊन बसा. म्या बघते."

"म्या न्हाई हलायची," सखूने परडी मांडीवर घेऊन बैठक मारली. "मागनं म्हणाल, बाराच्या आत उघडलं हुतं."

तेवढ्यात चंद्रकांत स्वानंदचा फोन कानाला लावून आत आले. चेहऱ्यावर पंढरीनाथ भेटल्याचा भाव. "लागला! मेस्त्रींना लागला! मुळशीवरनं बोलतोय म्हनलं, कार्यक्रमात घेतलंय आपल्याला!"

त्यांना पुढे बोलता आलं नाही. एका हातात यंत्र घोंघावत असताना सगुणाबाईंनी दुसऱ्या हाताने फोन ओढून घेतला.

"तुमीच का ते मेस्त्री?"

"व्हय ताई. रामराम."

"रामराम कसला डोंबलाचा! तुमच्यापायी माझे देव कोंडलेत! घट बसायचाय आन् दार उघडंना! नवरा उन्हाळ्यापासनं माणसात न्हाई, भाताला पाणी बघायला कुणी न्हाई, भाकरीत भुसा, चहात भुसा! तितं बसून गोड गोड बोलाया काय जातंय? एक खिळा मारला असता, एक बिजागरी लावली असती, तर तुमचं काय नाक कापलं जाणार हुतं?"

पलीकडे रंधा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आणखी काय, ताई?" गेणबा मेस्त्रींनी विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती. खरंच विचारत होते.

सगुणाबाई गडबडल्या. "हायेत की आणखी. पण आता येळ न्हाई."

"मग आधी ते घोंघावतंय ते बंद करा. एकदम भाजलं तर चीर पडंल." यंत्र बंद झालं. "देवापाशी रोज दिवा असतो ना?"

"सुतक हुतं. आजच फिटलं."

"म्हंजी दिवा असताना लाकूड कोरडं ऱ्हायलं. दिवा गेला, पाऊस चालू, ते पाणी पिऊन बसलं. पण निस्त्या पाण्यानं इतकं आवळत न्हाई. दार कुणी आपटलं हुतं का?"

सगळा महाराष्ट्र ऐकत होता. सखूही.

"वाऱ्यानं आपटलं," सगुणाबाई म्हणाल्या.

"देव्हारा कुटं हाय?"

"आतल्या खोलीत."

"खिडकी?"

"न्हाई."

"बरं," गेणबा मेस्त्री म्हणाले. "वारा लई जोराचा म्हणायचा."

चंद्रकांतांनी सगुणाबाईंकडे पाहिलं. सगुणाबाईंनी छताकडे पाहिलं.

"दोन्ही अंगांना समया लावा, वीतभर लांब. दाराला वढू नका. घाईत पिलेलं पाणी ते आपल्या चालीनं सोडंल. तवर समोर बसा आन् त्याच्याशी भांडू नका."

"म्या भांडत न्हाई!"

"बरं," मेस्त्री म्हणाले.

समया लागल्या. सगुणाबाईंनी चहाच्या निमित्ताने, मग फराळाच्या निमित्ताने, मग म्हशीने दावं तोडल्याचं सांगून खोली रिकामी करायचा प्रयत्न केला. तानाजी म्हैस बघून परत आला. म्हैस रवंथ करत होती. सखू घड्याळावरची नजर काढेना. काटे सरकत राहिले, आणि सगुणाबाई आळीपाळीने 'उघड' आणि 'एवढ्यात नको' असा नवस बोलत राहिल्या.

बाराला थोडं कमी असताना आवाज आला. टक्.

चंद्रकांतांनी डोळे मिटले. दाराची एक कड केसभर बाहेर आली, आणि सगुणाबाईंनी झडप घालून दोन्ही हातांनी दार दाबून धरलं.

"अक्का, काय करताय? उघडतंय की!"

"थांब, देवाला जरा उजेडाची सवं हू दे!"

"बारा वाजत्यात!" सखूच ओरडली. मान आपल्याकडे यावा म्हणून सकाळपासून बसलेली ती बाई ऐनवेळी देवालाच भ्यायली असावी. तिने सगुणाबाईंचे हात बाजूला केले आणि दार उघडलं.

आत खंडोबा होता, भैरवनाथ होता, देवी होती. आणि देवीच्या शेजारी, त्यांच्याच रांगेत, पाठ टेकून रिमोट उभा होता.

सखू पुढे वाकली.

"अक्का, ह्यो कुठला देव?"

थोरलं घर, कुळाचा मान, सुतकातला हात, सगळं त्या काळ्या कांडीवर येऊन थांबलं होतं.

चंद्रकांत पुढे झाले. त्यांनी रिमोट उचलला, उपरण्याने पुसला आणि कपाळाला लावला.

"म्याच ठिवला. नेऱ्याचा निरोप आला तवाच, सुतक लागायच्या आधी. म्हनलं, सुतकात करमणूक नको. पार इसरूनच गेलो."

तानाजीने हात जोडले. "दादा, धन्य हाय तुमची!"

"न्हाईतर आमचे हे," सखू म्हणाली. "सुतकात क्रिकेट बघत हुते. अक्का, नवरा असावा तर असा!"

आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं की सगुणाबाईंच्या तोंडात शब्द तयार होते आणि बोलायची सोय नव्हती. त्या निमूटपणे परडी घेऊन मातीत धान्य पेरू लागल्या. प्रत्येक दाणा त्यांनी खिळा ठोकावा तसा पेरला. घट मात्र वेळेत बसला.

दुसऱ्या माळेला सकाळी नऊ वाजता रिमोट सगुणाबाईंच्या पुढ्यात होता. चंद्रकांतांनी तिथे ठेवला होता आणि ते एक अक्षर बोलले नव्हते. त्याचा राग तर सगळ्यात जास्त आला.

"भाताचं पाणी बघितलं?"

"बघून आलो."

सगुणाबाईंनी बटण दाबलं. पडद्यावर गेणबा मेस्त्री एका पाळण्याचे सांधे जुळवत होते.

"काल मुळशीच्या एका ताईंचा फोन हुता," ते म्हणाले. "ताई, बघत असाल तर कळवा. दार उघडलं का? आन् तो वारा आता कसा हाय?"

चंद्रकांत हसले नाहीत. त्यांचे खांदे तेवढे हलत होते.

"उघडलं!" सगुणाबाई पडद्यावर कडाडल्या. "पायजे त्यापरीस लई उघडलं!"

मेस्त्रींनी पाळण्याची आडवी पट्टी खाचेला लावली. लाकडावर तळवा टेकला. चंद्रकांत काहीतरी सांगायला वळले.

"अगं, म्या काय म्हणतो..."

सगुणाबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"गप बसा," त्या म्हणाल्या. "सांधा बसतोय."