भयंकर म्हणजे किती इंच?

युसुफचाचा कुणाला 'कसा काय' असं विचारत नाहीत. गळ्यातला टेप काढून समोरच्याच्या छातीभोवती गुंडाळतात आणि हुकूम सोडतात, "श्वास सोड. सगळो सोड. आता भर!" मग डोळे बारीक करून आकडा वाचतात. पोस्टमन यातून सुटलेला नाही, मतं मागायला आलेला उमेदवारही नाही. माझ्या ताईला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी अंगणातच गाठलं.

"माका शर्ट शिवूचो नाय," तो घाबरून म्हणाला.

"शर्टाचा कोण विचारता? लगीन करतस, अंगात हवा आसा काय बघूक नको?"

चाचा आमचे शेजारी, खाडीकाठच्या आमच्या गावचे शिंपी. छातीची दोन मापं घ्यायची सवय त्यांना एका दशावतारी राजाने लावली. चाचांनी शिवलेला नवा अंगरखा घालून तो मंचावर उभा राहिला, राक्षसाला आव्हान द्यायला छाती भरून घेतली आणि तीन बटणं तटातट तुटून पेटीवाल्याच्या मांडीवर पडली. राक्षससुद्धा हसला. तेव्हापासून चाचांच्या वहीत प्रत्येकाची दोन मापं, रिकामी छाती आणि भरलेली छाती. दोन्हींतल्या फरकाला ते 'हवा' म्हणतात. बायकांची मापं हलीमाचाची घ्यायच्या. भजनीबुवा, होडीवाले, मासे विकणाऱ्या बायका, अख्ख्या गावाची हवा वर्षानुवर्षं त्या वह्यांत उतरत गेली. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. कपडे अंगाला बरोबर बसत होते, एवढंच.

मग आमच्या डोंगरावर खडीचा क्रशर आला.

आता आमच्याकडे आंब्याची पानं हिरवी नसतात. वाळत घातलेले बांगडे आधी झटकावे लागतात. विहिरीवर साय धरते आणि ती पिठासारखी बोटाला लागते. माणसं खोकतात. दवाखान्यात खोकल्यापुढे काय लिहितात? 'तंबाखूचं व्यसन.' आमची शेवंतीमावशी जन्मभर टोपली डोक्यावर घेऊन मासे विकत आली, तिने विडी कधी हातात धरली नाही. तिच्या कागदावरही तेच! धूळ मोजायचं यंत्र एकदाच आलं. येणार हे आम्हांला कळायच्या आधी क्रशरवाल्यांना कळलं. त्या दिवशी क्रशर बंद, आणि पहाटेपासून टँकर रस्त्यावर पाणी मारतोय. अहवाल आला, धूळ मर्यादेत आहे. कोणाची मर्यादा? ज्यांनी ती ठरवली, त्यांनी आमच्या पडवीत बसून एक दिवस तरी जेवून दाखवावं.

हे सगळं मी पत्रकात लिहिलं होतं आणि घरोघरी वाटलं होतं. चाचांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं.

"गो, ह्यात 'भयंकर' पाच वेळा इला. भयंकर म्हणजे किती इंच?"

मी चिडले. "चाचानू, लोक मरतत हंय!"

"मरतत तां लोकांका म्हायत आसा. साहेबाक माप होया." आणि कपाटातून त्यांनी जुन्या वह्यांचा गठ्ठा काढला.

मग आम्ही दोघं घरोघर फिरलो. पुरुषांना चाचा, बायकांना मी. चाची दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, त्यामुळे टेपाचं ते काम माझ्याकडे आलं. जुनं माप डावीकडे, नवं उजवीकडे. भजनीबुवांची साडेतीन इंच हवा दीडवर आली होती. बुवा आकडा ऐकून हसले, मग म्हणाले, "म्हणान वरचो सूर लागणा नाय. माका वाटला, म्हातारो झालंय." रस्त्याकडची घरं आणि खाडीकडची घरं चाचांनी वेगळी लिहिली. खाडीकडे म्हातारे होते, पण त्यांची हवा फारशी घटली नव्हती.

क्रशर वाढवायच्या परवानगीसाठी शाळेत सुनावणी झाली. चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून, वह्या छातीशी धरून आले. जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी एक पान उलटलं.

"हे काय आहे?"

"गावची हवा, साहेब," चाचा शुद्ध मराठीत म्हणाले. ऑफिसात ते तसंच बोलतात. "आधीची आणि आताची."

"शिंप्याचा टेप हे शास्त्रीय उपकरण नाही."

"तुमचा शर्ट टेपानेच शिवला ना? तेव्हा तो खोटं बोलला नाही."

सगळे हसले. साहेबही हसले असते, पण क्रशरचा मुकादम उठला. "चाचानू, सगळ्या गावाची हवा मोजलास. तुमची चाची खोकान खोकान गेली म्हणतास, मगे तिचा पान खंय?"

चाची रस्त्याकडच्या पडवीत बसून काज-बटणं करायच्या. ट्रक त्यांच्यापासून दहा पावलांवरून जायचे. त्यांचं पान तर पहिलं असायला हवं होतं. चाचा वह्या चाळत राहिले. मला वाटलं, शोधताहेत. मग त्यांनी वह्या बंद केल्या आणि खाली बसले. 'पुरावा अपूर्ण' असं साहेबांनी लिहून घेतलं. पुढची तारीख मिळाली. मी मुकादमाला जे बोलले, ते इथे छापता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर चाचा पडवीत बसले होते, मांडीवर चाचींचे जुने झंपर. ते उलटे करून शिवणीवर टेप लावत होते.

"तिचा माप मी कधी घेतलंयच नाय गो. गावातल्या बायलांचा ती घेय. तिचा माका तोंडपाठ. घरच्या माणसाक कोण टेप लावता?" त्यांनी झंपराची कड माझ्यापुढे धरली. एकाशेजारी एक, सुईच्या भोकांच्या तीन ओळी. "सैल झाला, म्हणाली. मी शिलाय आत घेतलंय. परत सैल झाला, परत घेतलंय. तीन वेळा. माझ्या ह्या हातांनी. आणि माका काय कळला नाय."

वहीत नवं पान होतं. वर 'हलीमा'. रिकामी छाती या रकान्यात तीन आकडे, तीन शिवणींचे. भरलेली छाती हा रकाना कोरा.

"हंय काय लिवू?"

इतकी पत्रकं लिहिली मी. पेन कोऱ्या रकान्यावर टेकवलं आणि परत त्यांच्या हातात दिलं.

मग त्यांनी तोच टेप माझ्या हातात दिला आणि हात बाजूला करून उभे राहिले. "माझा घे. ती मात्र ईदीच्या कुर्त्याक दर वर्सा घेय. दोन वर्सा कोणी घेवक नाय."

मी टेप गुंडाळला. कुर्ता माझ्या मुठीत चुरगळण्याइतका सैल होता.

"सोडा श्वास, चाचानू. आता भरा."

त्यांनी भरला. माझ्या बोटांखाली टेप जेमतेम सरकला.

"किती इंच?" त्यांनी विचारलं.

मी आवाज न चढवता आकडा सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला, तिच्या समोरच्या पानावर.