उतार, चहा आणि जुलैतलं गाढव

आमच्या यॉर्कशरमधल्या गावात वृद्धांसाठी जेवणाचं मंडळ आहे, दर रविवारी गावच्या हॉलमध्ये जमणारं. मी, नेविल, त्याचा अध्यक्ष. (निवडून आलेला. दुसरं कोणी उभं नव्हतं, पण निवडणूक ती निवडणूक.)

अॅक्रॉइडबाई चाकाच्या खुर्चीला खिळल्या आणि हॉलच्या पायऱ्यांमुळे यायच्या बंद झाल्या. मी सभेत ठणकावलं, "समानतेचा कायदा आपल्यासारख्या सेवाभावी संस्थांनाही लागू आहे. वाजवी सोय करून देणं आपलं कर्तव्य आहे. पायऱ्यांशेजारी खुर्चीसाठी उतार मी स्वतः बांधणार."

"आणि खुर्चीवाल्यांचं टॉयलेट?" माझ्या बायकोने, ग्वेनने, विचारलं.

"ते आहेच की."

"आहे. आत काय आहे ते एकदा बघ."

"आधी उताराचं बघू दे."

उतार मात्र झकास झाला. रविवारी फीत कापली आणि बाई सरसर वर आल्या. माझा ऊर भरून आला. मग मी भाषण केलं. ते संपेपर्यंत बाई बिचाऱ्या चहा पीत राहिल्या.

शेवटी त्यांनी मला खुणेने बोलावलं. "नेविल, बाळा, टॉयलेट कुठंय? नसेल तर घरी जाते. पण मग परत काही मी यायची नाही."

मी ऐटीत दार उघडलं. आतून एक गाढव माझ्याकडे बघत होतं. नाताळात मांडतात त्या येशूजन्माच्या देखाव्यातलं, कागदी लगद्याचं, पण चांगलं खऱ्याएवढं. त्याच्यामागे मेरी, जोसेफ, मेंढरं आणि तिन्ही राजे. (जानेवारीत मीच कोंबले होते. एवढी ऐसपैस खोली रिकामी कोण ठेवतं? आमच्याकडे कुठल्याच हॉलमध्ये ठेवत नाहीत.)

मग भर जुलैत चहाच्या टेबलांमधून ग्वेनच्या गाडीपर्यंत वरात निघाली. गाढवाला कवटाळून मी पुढे, काखेत मेंढरं मारून ग्वेन मागे. कोणीतरी नाताळचं गाणं धरलं, तर सगळा हॉल गाऊ लागला.

बाई निवांत बाहेर आल्या. "पुढच्या रविवारी येते," त्या म्हणाल्या. "भाषण तेवढं आवर."

इतका अभिमान मला माझ्या लग्नातही वाटला नव्हता. (हे ग्वेनला सांगू नका.)

हॉल आवरून मी ग्वेनच्या मागाहून घरी आलो आणि टॉयलेटचं दार उघडलं, तर आत गाढव. पाठीमागे तिन्ही राजे.

"ग्वेन, अगं, मी जाऊ कुठे?"

"हॉलवर जा," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "तिथं आता सगळ्यांची सोय आहे."