अर्ध्या पोत्याचा व्यायाम

भिंगारला आमच्या शेजारी राहणारे सखाराममामा पोतं उचलण्याआधी पोत्यालाच विचारतात, "उचलू का?" मग एक हात खाली, एक हात पाठीमागे घालून ते वाळूचं पोतं छातीशी धरतात आणि अंगणात फिरवून आणतात. ठेवताना म्हणतात, "दमानं, दमानं." गल्ली हसते.

पुण्याच्या मुलाने त्यांना व्यायामाचं मशीन पाठवलं होतं. खुर्चीत बसायचं, दांडी ओढायची, मागे लोखंडी वजनं वर जातात. मामांनी दोन दिवस ओढलं, मग त्यावर गोधडी वाळत घातली. मुलगा फोनवर चिडला. मामा म्हणाले, "आरं, त्याचं वजन रुळावरनं जातंय. सरळ वर, सरळ खाली. तुजी आई अशी येती व्हय वर?"

मुलगा म्हणाला, मग डंबेल्स घ्या.

"दोन हातांत दोन? मानूस काय दोन तुकड्यांत असतंय?"

मामींची डावी बाजू लकव्याने गेली आहे. पलंगावरून मोरीत, मोरीतून ओट्यावर उन्हाला, मामाच उचलून नेतात. मुलाला कामाची बाई ठेवू देत नाहीत. पोतंही मुद्दाम अर्धंच भरलेलं. "भरलं पोतं गप ऱ्हातं," ते सांगतात. "अर्ध्यातली वाळू कुनीकडं कलंल, सांगता येत न्हाई. आजारी मानसाचं तसंच हाय."

एकदा मामींना उचलताना मामा भेलकांडले. तेव्हापासून मामींनी जेवण निम्म्यावर आणलं. आपलं ओझं कमी व्हावं, एवढाच त्यांना घोर. म्हणून मामा व्यायाम झाला की खिडकीकडे तोंड करून ओरडतात, "आज आनखी वाढवली वाळू. कुनी हलकं व्हायची गरज न्हाई."

आतून मामी म्हणतात, "गल्लीला सांगा. मला कशाला बहिरं करता?"

मला माणसांत बोलायला जमत नाही. दुपारी मामींना भाकरी वाढायला जाते, तेवढंच. परवा मागच्या दाराने गेले, तर मामा पोत्याचं तोंड सोडून ओंजळीने वाळू काढत होते. पेरूच्या बुंध्याशी टाकत होते. तिथे चांगला ढीग झाला होता. मला बघून त्यांनी हात धोतराला पुसले.

"खांदा धरत न्हाई आता," ते हळूच म्हणाले. "तिला बोलू नको, पोरी. जेवायची न्हाई."

मी मान हलवली आणि आत जाऊन ताट वाढलं.

"किती उचललं आज त्येंनी?" मामींनी विचारलं.

"लई," मी म्हटलं.

मामींनी उजव्या हाताने भाकरी मोडली. अर्धी माझ्याकडे सरकवली.

"ही घिऊन जा. सगळी खाल्ली म्हनून सांग त्येंना."

मी भाकरी पदराखाली घेतली, पण पाय निघेना. मामी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उचलताना त्येंचा दम माझ्या कानापाशी असतोय गं."