डेऱ्यास पांच टाके पडले त्याची हकीकत

जिच्या नेढ्यांतून दिवस आणि रात्र एकाच दोऱ्यानें ओवली जाते त्या आदिसुईस नमन, आणि तिच्या मागें निमूट चालणाऱ्या दोऱ्यासही नमन. शके अठराशें चोवीस, शुभकृत नाम संवत्सरे, पौष शुद्ध पंचमीपासोन राज्यांत जें वर्तलें तें जैसें कानीं आलें तैसें लिहिलें आहे.

राज्य लहान, परी वाऱ्याचें. गादीवर बाईसाहेब सरकार विराजमान होत्या, आणि त्यांचा जीनखाना होता, तेथें खोगिरें, पट्टे आणि डेरे शिवले जात, आणि सतरा घरांच्या चुली त्यावर पेटत. तेथील मुख्य सटवोजी जीनगर. त्यांचे डोळे मोतिबिंदूनें धुरकट जाहले होते, म्हणोन काम त्यांची सून धुरपदा पाहात असे, आणि तिच्या हातास ऐसा गुण होता कीं आरी कातड्यांत उतरली तर कातडें निजल्या लेंकरासारखें कूस बदली, परी रडत नसे. मग ऐसें जाहलें कीं माघी पौर्णिमेस शेजारील राज्याचे पाहुणे येणार, त्यांसाठीं माळावर कॅनव्हासाचा नवा डेरा पाहिजे, आणि दोर जेथें ओढ घेतात त्या चारी कोपऱ्यांस जाड कातडें पाहिजे. तेव्हां नारोपंत दिवाण बोलिले, "हातानें शिवाल तर पाहुण्यांचीं नातवंडें डेऱ्यांत बसतील. मशीन आणा. आणि पौर्णिमेस डेरा उभा न राहिला तर जीनखान्यास कुलूप. पुढें डेरे शेजाऱ्यांकडून तयार घेऊं." हें ऐकोन सतरा घरांत त्या दिवशीं भाकऱ्या करपल्या.

मग कासमशेट म्हणोन यंत्रांचे व्यापारी दोन मशीनें गाडीवर घालोन आले, आणि वेशीपाशीं ताशा वाजला, आणि हत्ती आल्यावर होतो तैसा दोहोंस हळदकुंकवाचा मान जाहला. एक मशीन सोनेरी वेलबुट्टीचें, नवरीसारखें नटलेलें. पंतांनीं विडा तोंडांत घातला तो रंगे तों त्यानें हात हात लांबीच्या पांच शिवणी टाकिल्या, आणि पंत भारून बोलिले, "हेंच." दुसरें काळें, बसकें, रवंथ करीत बसल्या म्हशीसारखें, कोणाची भीडभाड न धरणारें.

धुरपदा पदर खोंवून पुढें जाहली आणि बोलिली, "पंत, घोडा घेतां तेव्हां त्याचे दांत बघतां, मग हिचेही बघूं द्या." मग तिनें दोन हात लांबीच्या कातड्याच्या दोन पट्ट्या एकीवर एक ठेविल्या, आणि वीत वीत अंतरानें दोहींच्या कडांवर खडूची आडवी रेघ ओढिली, आणि सोनेरी मशीनाखालीं सारिल्या. शिवण धांवत गेली आणि शेवटास पाहतात तों वरली रेघ खालच्या रेघेच्या चार बोटें मागें. धुरपदा बोलिली, "हिला दांत खालींच तेवढे. खालचं ओढून नेते, वरचं रुसून मागं बसतं. डेरा असाच तिरपा शिवला जाईल." मग तैशाच दुसऱ्या पट्ट्यांवर रेघा ओढोन त्या काळ्या मशीनाखालीं सारिल्या. त्याची सुई कातड्यांत शिरोन कातड्यासह पाऊल टाकी, आणि वरचा पायही पाऊल टाकी, आणि खालचे दांतही पाऊल टाकीत, तिघे एका तालावर. तें पाहोन धुरपदेच्या तोंडीं आपोआप आलें,

सुईबाई चाल गं, दातांच्या सोबतीनं,
वरची खालची बहीण, नेऊं एका गतीनं.

शेवटास रेघा एकमेकींस बिलगून होत्या. कासमशेट बोलिले, "वीस वर्सं मशीनं विकतों, बाई, पण खडूनं परीक्षा घेणारं गिऱ्हाईक पहिलंच." पंत कुरकुरले, "चाल म्हशीची आहे." सटवोजी बोलिले, "आपल्याला शर्यत लावायची नाही, पंत, डेरा शिवायचा आहे." तेणेंकरून काळें मशीन राहिलें.

मग आठ दिवस त्याची मर्जी राखण्यांत गेले. कापडास गोल टोंकाची सुई घातली आणि जाड कातड्यास धारेच्या टोंकाची, आणि पायाचा दाब इतका ठेविला कीं कातडें सरकूं नये आणि अंगावर वळही उठूं नये. सटवोजी डोळे मिटोन शिवणीवरून बोट फिरवीत आणि सांगत, "वर गांठ लागते, वरचा ताण सैल कर." पुन्हां बोट फिरवीत. "आतां खालीं लागते, जरा आवळ." ऐसें होतां होतां एके सकाळीं गांठ वरही लागेना, खालींही लागेना, दोन थरांच्या पोटांत जाऊन निजली, आणि म्हातारा गालांतल्या गालांत हंसला.

मग डेऱ्याचें कापड शिवोन जाहलें, कोपरे तेवढे राहिले. परंतु त्या राज्यांत टाक्यांसही दरजा होता. रयतेच्या वहाणेस इंचास पांच टाके, सरदारांच्या जोड्यास आठ, आणि सरकारच्या वस्तूस बारा. पंतांनीं आज्ञा केली, "कोपऱ्यांस बारा." धुरपदा बोलिली, "पंत, ह्या जाड सुईनं बारा घातले तर कातडं टिकणार नाही." पंत बोलिले, "सरकारचा मान तूं ठरवणार काय गं?" मग तिनें एक कोपरा बारा टाक्यांनीं शिवला, दिसावयास मोत्यांचा सर, आणि माळावर दोर बांधोन दोन गड्यांनीं ओढ दिली, तों कातडें टपालाच्या तिकिटासारखें टाक्यांच्या रांगेवरून सरळ फाटलें. पंत बोलिले, "मशीनच खोटं. परवां पौर्णिमा. कुलूप तयार ठेवतों."

त्या दुपारीं धुरपदा टाक्याची लांबी वाढवावयाच्या खिट्टीवर हात ठेवोन बोलिली, "मामंजी, पांचावर आणतें. पण पंत मोजतील." सटवोजी बोलिले, "मोजूं देत. मला दिसत नाही म्हणून मी सुटेन, तूं मात्र सांपडशील. तुझं तूं बघ." ती बोलिली, "बघितलं," आणि खिट्टी फिरविली, आणि दोन दिवसांत चारी कोपरे पांच टाक्यांनीं शिविले.

पौर्णिमेस डेरा उभा राहिला. पाहुणे बसले आणि माळावरचा वारा, जो नित्य कनातींशीं दांडगाई करी, तो आला आणि दोर झणझणले, आणि कोपरे जागचे हलले नाहींत. मग पंत हळूच कोपऱ्यापाशीं गेले आणि नखानें मोजूं लागले, आणि त्यांचा चेहरा उतरला, आणि ते दांतओठ खात पुटपुटले, "सरकारास रयतेचे टाके." परी बाईसाहेबांचे कान तिखट. त्यांनीं विचारिलें, "काय म्हणतां पंत?" तेव्हां धुरपदेनें मुजरा करोन सांगितलें, "सरकार, सुई शिवते तशी भोकही पाडते. बारा भोकं दाटीनं पडलीं कीं मधे कातडं उरत नाही, नुसती भोकांची रांग उरते. पांचांत अंतर राहतं, म्हणून धरतं."

मग बाईसाहेब बोलिल्या, "आमच्या खोगिराच्या पट्ट्यास किती टाके?" सारी मंडळी आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहूं लागली. सटवोजींनीं सुनेची बाही ओढिली. धुरपदेस कळलें कीं खरें बोलावें तर उभा डेराही जीनखान्यास वांचविणार नाहीं, तरी ती बोलिली, "बाराच, सरकार. माझ्याच हातचे."

बाईसाहेब बोलिल्या, "मागल्या साली आम्ही तीनदां पडलों. तिन्ही वेळां पट्टा तुटला, आणि पंत, तुम्ही तिन्ही वेळां घोड्यास दोषी धरून राज्याबाहेर घातलंत." पंत बोलिले, "घोडे स्वभावानं जरा तापट होते, सरकार." बाईसाहेब ऐशा हंसल्या कीं पाहुणेही हंसले, आणि त्यांनीं आज्ञा केली कीं जिनें स्वतःच्या हातचा दोष भर डेऱ्यांत सांगितला तिच्याच हातीं जीनखाना असावा, आणि यापुढें आमचे पट्टे पांचानेंच शिवावे, आणि पंतांनीं स्वतः पायीं जाऊन, गूळ देऊन, घोड्यांची क्षमा मागावी आणि त्यांस परत आणावें.

तात्पर्य, मशीन एक राहिलें, डेरा एक उभा राहिला, आणि सतरा चुली पेटत्या राहिल्या. घोडे दोन आले. तिसरा एका कुंभाराच्या दारीं सुखी आहे, पंतांचा गूळ त्यानें खाल्ला आणि पाठ फिरविली. त्यास ओढून आणूं नये ऐसी सरकारची आज्ञा जाहली. इति.