नव्या बाबूचं प्रोबेशन

गजभिये साहेबांनी संगणकाची पर्सनल फाईल उघडली, त्या दिवसापासून ते आमच्या कारखान्यात थट्टेचा विषय झाले. थट्टा करणाऱ्यांत पहिला नंबर माझा होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे सांगायला जड जाईल.

आमचा कारखाना साकोलीच्या रस्त्यावर, धानाची पोती विणण्या-शिवण्याचा. मी भुरे, तिथला स्टोअरकीपर. गजभिये साहेब आमचे एचआर. म्हणजे भरती, रजा, हजेरी, नोटीस, भांडण आणि भांडणानंतरची समजूत, सगळं एकाच टेबलावर. उंची बेताची, खिशात तीन पेनं आणि तोंडात कायम एकच वाक्य, "कागदावर पायजे जी, कागदावर!" कुणी राजीनामा देवो की नुसतं "साहेब, डोकं दुखून राहिलं" म्हणो, साहेब कोरा कागद पुढे सरकवायचे.

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या हेड ऑफिसने एआय पाठवला. रजेचे अर्ज तोच वाचणार, पत्रं तोच लिहिणार, कोण कामाचा आणि कोण बिनकामाचा तेही हजेरीवरून तोच सांगणार. आम्हाला वाटलं, आता म्हातारा चिडणार. कसचं काय! साहेब नवरदेवासारखे खुश. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक फाईल काढली आणि वर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'नवा बाबू'.

"साहेब, हे मशीन आहे," मी म्हणालो.

"काम करते ना? मंग फाईल पायजे."

आणि माणसाने खरोखर फॉर्म भरला. वडिलांचं नाव, सांगत नाही. कायमचा पत्ता, नाही. रक्तगट, लागू नाही. वारसदाराच्या रकान्यापाशी मात्र ते अडले. एका बोटाने टाईप करून त्यांनी विचारलं, 'तुमच्या मागे कोण आहे?' नव्या बाबूने उत्तर दिलं, मला कुटुंब नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बिचाऱ्याले कोनीच नाही जी," म्हणाले, आणि त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. सगळ्यात खाली, प्रोबेशन सहा महिने.

ही गोष्ट मी कॅन्टीनमध्ये किमान वीस वेळा सांगितली असेल. दर वेळी थोडं मीठमसाला लावून.

महिन्याभरात नव्या बाबूने घोळ घातला. एका कामगाराला मामेभावाच्या लग्नासाठी त्याने तीन दिवसांची भरपगारी रजा दिली आणि वर नियमाचा क्रमांकही टाकला. असा नियम आमच्याच काय, कुणाच्याच पुस्तकात नव्हता. साहेबांनी रीतसर कारणे दाखवा नोटीस टाईप केली, चोवीस तासांत खुलासा करावा. खुलासा दोन सेकंदांत आला, 'माझी चूक झाली, क्षमस्व.' तो कागद छापून साहेब विभागाविभागात फिरले. "अठ्ठावीस वर्षं झाली नोकरीले, भुरेजी. पयल्याच नोटिशीत चूक कबूल करनारा हा पयला मानूस!"

पुढे रोवणा आला. आमच्याकडे धानाची लावणी सुरू झाली की शिलाई विभाग अर्धा रिकामा होतो. बाया स्वतःच्या नाहीतर भावकीच्या शेतात, बांधीच्या चिखलात उभ्या असतात. त्या ऑगस्टात साहेब रोज पाळी सुटल्यावर बायांना बसवून विचारायचे, तुमच्या गावचा रोवणा किती दिवस चालतो, पाणी लांबलं तर किती, मजूर नाही मिळाले तर किती. आणि एकेक उत्तर एका बोटाने नव्या बाबूला सांगायचे.

"साहेब, मशीनले रोवणा शिकवून राहिले का?"

"हाव."

"मंग चिखलातच उतरवा ना त्याले!"

बाया हसल्या. साहेबही हसले. मला वाटलं, मी फार विनोदी माणूस आहे.

डिसेंबरात हेड ऑफिसचं पत्र आलं. नवा बाबू प्रोबेशनमध्ये पास झाला, तर इथल्या एचआरच्या खुर्चीची गरज उरणार नाही, काम नागपूरहून चालेल. पास की नापास, हा अहवाल मात्र गजभियांनीच द्यायचा. वधस्तंभ उभारायचा तोही ज्याला लटकायचं त्यानेच!

आम्ही सगळे त्यांच्या टेबलाभोवती जमलो. "दोन ओळी वाईट लिहा, साहेब," मी म्हणालो. "त्या मामेभावाच्या लग्नाचं लिहा. खोटंही नाही."

त्यांनी आमच्यादेखत लिहिलं, 'काम चोख. शिकण्याची तयारी आहे. कायम करण्यास हरकत नाही.' आणि खाली सही ठोकली.

दुपारी कॅन्टीनमध्ये माझा तोल गेला. राग खरा होता, कारण माणूस मला आवडायचा. पण तोंडातून निघालं ते असं, "आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. तुमच्यात हिंमतच नाही, साहेब. जलमभर वरच्याईची हाजी हाजी केली, आता मशीनची करून राहिले."

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. "असन जी," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

त्यांच्या शेवटच्या दिवशी सगळा कारखाना फाटकापाशी गेला. मी स्टोअरमध्येच थांबून सुयांचे डबे उगाच खालीवर करत बसलो. ते एकदा दाराशी येऊन उभे राहिले होते. मी मान वर केली नाही.

आठवड्याभराने शिलाईतली कौसल्याबाई सुया न्यायला आली. एकोडीची, विभागातली सगळ्यात जुनी बाई. सुया घेतल्या तरी हलेना.

"साहेबाईले तुमी लय बोलले म्हनते, भुरेभाऊ."

"बोललो. मंग?"

"ऑगस्टात त्या मशीननं आमची चौदा जनीईची नावं काढली होती. रोवन्यात खाडे झाले म्हून. याईले कमी करा, म्हने. साहेबानं नागपूरले कागद धाडला. हा बाबू अजून प्रोबेशनवर आहे, प्रोबेशनवरच्याच्या सांगन्यावरून कोनाले काढता येत नाही, असं लिवलं. नागपूरवाले गप. तेवढ्या टायमात त्यानं मशीनले आमचा सारा रोवना शिकवला. नावं गेली यादीतून."

मी डबा खाली ठेवला. "मंग नापास काहून नाही केलं त्याले? सोताची नोकरी त वाचली असती."

"मीबी तेच इचारलं. त म्हने, बाई, हा नापास झाला त नागपूरवाले दुसरा आनतीन. त्याले रोवना कोन शिकवन?"

कौसल्याबाई गेली. पंधरा वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो. ही गोष्ट त्यांनी कौसल्याबाईला सांगितली, मला नाही. सांगितली असती तर मी त्या गोष्टीचीही थट्टा केली असती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

रविवारी आंधळगावला त्यांच्या घरी गेलो. वाटेत बसमध्ये माफीची वाक्यं जुळवली. साहेब अंगणात एकटेच बसले होते. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. "या जी, भुरेजी, या!" म्हणत त्यांनी घाईघाईने दुसरी खुर्ची आणली, स्वतः चहा केला, बासुंदीइतका गोड. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच सुरू केलं.

"विणाईतल्या सुनंदाच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का?"

"झालं असन."

"कटिंगवाल्या रमेशच्या पोराले दाखला भेटला?"

"हो, बहुतेक."

"वॉचमनची पोरगी बाळंतपनाले आली होती. काय झालं?"

"बरं आहे सारं, साहेब."

विचारत गेले, एकामागून एक, विणाईपासून फाटकापर्यंत. मी त्या माणसांत रोज आठ तास असतो, आणि मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. मग त्यांनी विचारणं थांबवलं.

"मालूम नसन त मालूम नाही म्हना जी," हळूच म्हणाले.

"नाही मालूम, साहेब." माफी मागायला आलो होतो, पण तेवढंच तोंडातून निघालं.

"मंग इचारून या. इतवारी मी घरीच असतो." कप उचलता उचलता ते थांबले. "तसा बाकीच्या दिवशीबी घरीच असतो."